नाडी मोजायला शिका

मैत्रिणींनो, मुलुंड-घाटकोपरच्या पुलावरून धावत जाऊन सकाळची फास्ट गाडी पकडली की छातीत कशी धडधड होते! दोन-चार मिनिटांत ती आपोआप थांबतेही. हा ठोका देतं कोण? आपल्याला वाटतं, मेंदू. पण तसं नाही हं!

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. आज मात्र अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात. या शस्त्रक्रियेत हृदयाकडे जाणारे मज्जातंतू कापले जातात, तरी नव्या छातीत ते हृदय स्वतःहून ठोके देत राहतं.

त्याचं कारण, हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातला पेशींचा लहानसा पुंजका. कीथ आणि फ्लॅक यांनी 1907 मध्ये तो दाखवून दिला. हाच आपला जन्मजात पेसमेकर.

या प्रत्येक पेशीत कॅल्शियमची एक कोठी असते. ठोक्याच्या आधी कोठीतून थोडं थोडं कॅल्शियम सांडतं. मग पेशीच्या दारात बोहारणीसारखा सौदा होतो: एक कॅल्शियम बाहेर, तीन सोडियम आत. कॅल्शियमचे विद्युतभार दोन, सोडियमचे तिघांचे मिळून तीन. म्हणजे दर सौद्याला एक भार आत जास्त. असे भार साठले की पेशीची दारं धाडकन उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत येतं आणि ठोका पडतो. लगेच कोठी पुन्हा भरू लागते. पेशीच्या पडद्यावरची इतर दारंही या कामाला हातभार लावतात. धावताना किंवा घाबरल्यावर अॅड्रेनलिनमुळे कोठी भराभर भरते, भराभर सांडते, म्हणून धडधड.

‘मग कॅल्शियमच्या गोळीनं धडधड वाढेल का?’ डॉक्टरांनी सांगितल्या प्रमाणात घेतलीत तर नाही. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं आणि रक्तातलं प्रमाण शरीर काटेकोर सांभाळतं. मनानं जास्त गोळ्या मात्र घेऊ नका.

खरी काळजी वेगळीच आहे. व्हेरापामिल, डिल्टियाझेम ही औषधं कॅल्शियमची दारं अडवून ठोका मंद करतात. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अॅड्रेनलिनला अडवून तेच करतात. सासऱ्यांना एका डॉक्टरांनी एक आणि दुसऱ्यांनी दुसरी गोळी दिली, तर नाडी फारच मंदावू शकते. आणि घरात आपण म्हणतो, ‘वय झालं, चक्कर यायचीच!’

म्हणून एवढं शिकाच. पाच मिनिटं स्वस्थ बसवून, अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून (आपला अंगठा ठेवू नका) पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. साधारण 60 ते 100 ठोके ठीक. पन्नासच्या खाली गेली आणि चक्कर, अंधारी किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुद्ध हरपली तर थेट रुग्णालय. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या; कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आज संध्याकाळी चहा झाला की घरातल्या वडीलधाऱ्यांची नाडी मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांना तो उपयोगी पडेल.