साच्याविना घडणारे वाहक पॉलिमर : पुण्यातील संशोधकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. कुलगुरू, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका

विषय : वायू-सेन्सरसाठी सामाईक चाचणी केंद्र, प्रत्यक्ष जागेवरील चाचण्या आणि प्रयोगशाळांच्या गरजांबाबत.

महोदय,

पुणे शहरातल्या महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांत पीएच.डी. करणारे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक मिळून आमची संघटना आहे. आमच्यातले बरेच जण पॉलिअ‍ॅनिलिन या वीजवाहक पॉलिमरवर काम करतात. हे काम लहान प्रयोगशाळेला झेपणारे आहे आणि शहराच्या थेट उपयोगाचे आहे. तरीही ते प्रबंधाच्या बाहेर पडत नाही. ते का अडते आणि त्यासाठी काय हवे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

प्लास्टिकमधून वीज वाहू शकते हे शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी १९७७ साली दाखवले आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढचा प्रश्न आकाराचा होता. वाहकतेतल्या बदलावरून वायू ओळखायचा तर तंतू जितका बारीक तितके चांगले, कारण वायूला आतपर्यंत पोहोचायला अंतर कमी पडते. असे तंतू मिळवण्यासाठी अ‍ॅल्युमिनाच्या सच्छिद्र पटलासारखा साचा वापरत. छिद्रांत पॉलिमर वाढवायचा, मग साचा कॉस्टिक सोड्यात विरघळवायचा. पण त्याच सोड्याने पॉलिअ‍ॅनिलिनमधले आम्लही निघून जाते आणि त्याची वाहकता जाते. ते पुन्हा आम्लात घालावे लागते. साच्यातून सुटलेले तंतू एकमेकांना चिकटतात ते वेगळेच.

अमेरिकेत जियाशिंग हुआंग आणि रिचर्ड केनर यांनी २००३-०४ च्या सुमारास दाखवले की साच्याची गरजच नाही. ज्यापासून पॉलिअ‍ॅनिलिन बनते त्या अ‍ॅनिलिनच्या बहुलकीकरणात सुरुवातीला तंतूच तयार होतात. नंतर त्यांच्यावर थरावर थर चढतात आणि त्यांचे ओबडधोबड दाणे होतात. म्हणून हा नंतरचा थर रोखायचा. अ‍ॅनिलिन आणि अमोनियम परसल्फेट (ऑक्सिडीकारक) यांची आम्लयुक्त द्रावणे एकदम मिसळली की ऑक्सिडीकारक सगळीकडे एकाच वेळी खर्ची पडतो आणि थर चढवायला काही उरतच नाही. एरवी प्रयोगशाळेत आपण ढवळत राहतो. इथे ढवळल्याने गुठळ्या होतात. एक चंचुपात्र, पाणी, आम्ल आणि नेमकी वेळ इतक्यावर काही दशक नॅनोमीटर जाडीचे तंतू मिळतात. महागडी यंत्रे नसलेल्या महाविद्यालयासाठी याहून न्याय्य विज्ञान आम्हाला माहीत नाही.

महाराष्ट्रातील संशोधकांचा अशा कामात सहभागही राहिला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील प्रा. महेंद्र शिरसाट यांनी कॅलिफोर्नियातील सहकाऱ्यांसह २००९ साली प्रसिद्ध केलेल्या कामात सोन्याच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये २५० ते ३२० नॅनोमीटर जाडीच्या पॉलिअ‍ॅनिलिनच्या तारा साच्याविना वाढवल्या, त्यांवर सोन्याचे नॅनोकण बसवले आणि खोलीच्याच तापमानाला हायड्रोजन सल्फाइड ओळखला. हाच वायू मैलावाहिनीत माणसे मारतो. दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की नाकाला त्याचा वास येणेच थांबते आणि आत उतरलेल्याला धोका कळत नाही. सुरक्षासाधनांविना माणसाला गटार साफ करायला उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि तिची अंमलबजावणी काटेकोर व्हायलाच हवी; सेन्सर हा त्या कायद्याला पर्याय नव्हे. पण झाकण उघडणाऱ्या, पंपाजवळ उभ्या राहणाऱ्या कामगारालाही इशारा मिळायला हवा.

आता अडचण. उदाहरणार्थ, अमोनिया आला की तो पॉलिअ‍ॅनिलिनमधले प्रोटॉन हिरावतो, वाहकता घटते. हवा फिरली की ती पुन्हा वाढते. काचेच्या बंद कक्षात, कोरड्या हवेत हे सुंदर दिसते. जुलैच्या पुण्यात मात्र हवेतले पाणीच वाहकता बदलते, आणि वाचन अमोनियाचे की आर्द्रतेचे हे कळत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाने डोप केलेल्या, म्हणजे आम्ल मिसळून वाहक बनवलेल्या, थरातून आम्ल हळूहळू उडून जाते, म्हणून आजचा सेन्सर सहा महिन्यांनी तोच राहील याची हमी नाही. आमची बहुतेक प्रसिद्ध आकडेवारी या दोन प्रश्नांना उत्तर देत नाही, कारण प्रमाणित वायू-सिलिंडर, मिश्रण नियंत्रक आणि आर्द्रता-कक्ष हे सारे एकत्र आमच्या आवाक्यात नाही.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी, की विद्यापीठाने सर्व संलग्न संशोधन केंद्रांना खुले असलेले एक सामाईक वायू-सेन्सर चाचणी केंद्र उभारावे. तिथे प्रत्येक सेन्सरची चाचणी किमान एका पूर्ण पावसाळ्यातून जावी आणि तिचे निकाल, अपयशाचे सुद्धा, प्रबंधात ग्राह्य धरले जावेत. नव्या पदार्थाला गुण आणि टिकाऊपणाच्या मोजमापाला शून्य, अशी मूल्यमापनाची पद्धत राहिली तर कोणीही दोन वर्षे एकच सेन्सर तपासत बसणार नाही.

त्याला लागूनच महानगरपालिकेकडे मागणी आहे. भैरोबा नाला, मुंढवा, खराडी यांपैकी एका मैलाशुद्धीकरण केंद्रात आमचे सेन्सर पालिकेच्या प्रमाणित उपकरणांशेजारी बसवण्याची लेखी परवानगी द्यावी. खर्च आम्ही उचलू. आम्हाला जागा, वीज आणि तुलनेसाठी त्या उपकरणांची वाचने हवीत.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय तंतू झाले की दाणे हे कळत नाही. शहरातील मोठ्या संस्थांच्या यंत्रांवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातला ठरावीक वेळ आणि सवलतीचा दर असावा.

केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये आपल्या संशोधन संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. राज्य विद्यापीठे आणि अनुदानित महाविद्यालयांनाही राज्याने तशीच मुभा द्यावी. अ‍ॅनिलिन साठवणीत काळपटते आणि ताजे ऊर्ध्वपातित करून वापरावे लागते. ते हवे तेव्हा मिळाले नाही तर अख्खी प्रयोगमालिका वाया जाते.

अ‍ॅनिलिन त्वचेतून शरीरात जाते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते. अभिक्रियेत बेंझिडिनसारखे कर्करोगकारक उपपदार्थही तयार होऊ शकतात. हे द्रव बेसिनमध्ये ओतले जाऊ नयेत यासाठी सर्व महाविद्यालयांचा रासायनिक कचरा एकत्र गोळा करून रांजणगावच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था विद्यापीठाने करावी, आणि प्रत्येक केंद्रात चालू स्थितीतला फ्यूम हूड असल्याशिवाय अ‍ॅनिलिनवरील कामाला मान्यता देऊ नये. ही अट आमच्यावरही बंधनकारक असेल, हे आम्ही मान्य करतो.

राज्याच्या फेलोशिप दरमहा ठरलेल्या तारखेला मिळाव्यात.

चाचणी केंद्राचा उपकरणनिहाय आराखडा, मैलाशुद्धीकरण केंद्रात बसवायच्या संचाचे रेखाचित्र आणि सुरक्षा नियमावलीचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. येत्या पावसाळ्याआधी चाचणी सुरू व्हायची तर निर्णय मार्चअखेर व्हायला हवा. तिन्ही कार्यालयांच्या प्रतिनिधींची एकत्र बैठक त्याआधी बोलवावी, ही विनंती.

आपले,
संघटनेचे अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद