विहिरीत पावडर फेकली म्हणजे झाले?

पावसाळा लागला की कर्जत-खालापूरमधल्या ठाकुरवाड्यांच्या विहिरींत टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, पडते. पाण्याशी संयोग होताच हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतू मारते ते हेच. त्याला किमान अर्धा तास द्यावा लागतो.

पावडर तशीच फेकणे चूकच. तिच्यातला चुना गोळे होऊन तळाशी बसतो. ती बादलीत कालवावी, निवळू द्यावी आणि वरचे पाणी तेवढे विहिरीत सोडावे.

ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. गोणी दमट हवेत उघडी राहिली की तो उडून जातो, उरते नुसती पांढरी भुकटी. माथेरानच्या पायथ्याच्या पावसात याला किती वेळ लागणार? म्हणून ग्रामपंचायतींनी पावडर घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावी. पाण्यात क्लोरीन उतरला की नाही हे ऑर्थोटोलिडिनने तपासावे; त्याचे थेंब टाकूनही पाण्याचा नमुना पिवळा झाला नाही, तर बायाबापड्यांना हंडे भरू देऊ नयेत.