विश्लेषण : मूल दत्तक घ्यायचंय, पण फोन कुणाला लावायचा?

परवा रात्री साडेअकराला आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकूंनी एक मेसेज टाकला. आई-वडील अपघातात गेले, मागे तीन दिवसांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा आहे, कुणाला दत्तक हवे असल्यास खालील नंबरवर संपर्क साधा, जास्तीत जास्त शेअर करा. खाली हात जोडलेले तीन इमोजी. जवळपास हाच मेसेज मी मे २०२१ मध्ये वाचला होता. तेव्हा आई-वडील करोनाने गेले होते. मुलांची वयं मात्र पाच वर्षांत वाढलेली नाहीत.

'फेक आहे' एवढं लिहून मी झोपलो. सकाळी मावसबहिणीचा फोन आला. ताई आणि भाऊजी तीन वर्षांहून जास्त काळ दत्तक प्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत आहेत. ताई म्हणाली, "फेक आहे ते मलाही कळतं रे. तरी मी तो नंबर सेव्ह केला."

ताई एमकॉम आहे, बँकेत नोकरी करते, दिवसभर लोकांना 'ओटीपी कुणाला सांगू नका' असं सांगत असते. तिलाही तो नंबर सेव्ह करावासा वाटला, म्हणजे प्रश्न नुसत्या फेक मेसेजचा नाही. खरी माहिती जिथे असायला हवी तिथे नाही आणि ती जागा दुसऱ्याच कुणीतरी भरली आहे.

तो नंबर लावला तर काय होऊ शकतं?

मूल असं फोनवरून देता-घेता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे ठरलेली पद्धत डावलून अनाथ, टाकून दिलेलं किंवा स्वाधीन केलेलं मूल दत्तक दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैसे देऊन मूल घेतलं तर ती खरेदी-विक्रीच, आणि तिला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलं म्हणून ते कायदेशीर होत नाही. करोनाकाळात असे मेसेज इतके फिरले, की जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालून बेकायदा दत्तक देणाऱ्यांवर कारवाई करा, असं राज्यांना सांगावं लागलं.

शिक्षेपेक्षा मोठा धोका नंतरचा आहे. असं आणलेलं मूल दोन-तीन वर्षं घरात वाढतं, शाळेचा प्रवेश येतो, जन्मदाखला मागितला जातो आणि सगळं उघडं पडतं. मग मुलाला बाल कल्याण समितीसमोर उभं करतात. मुलाचा दोष काहीच नसतो.

मग खरा रस्ता कोणता?

रस्ता एकच आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा'. तिच्या पोर्टलवर स्वतः नोंदणी करायची. मधे एजंट लागत नाही. कागदपत्रं अपलोड झाली की जवळच्या विशेष दत्तक संस्थेचे सामाजिक कार्यकर्ते घरी येतात, बोलतात, घर पाहतात आणि गृहभेट अहवाल करतात. वैद्यकीय दाखला, उत्पन्न, विवाह दाखला ही कागदपत्रं लागतात. गृहभेट अहवालाचं शुल्क ६,००० रुपये आहे आणि मूल स्वीकारताना संस्थेला द्यायची रक्कम ५०,००० रुपये. दोन्ही नियमात छापलेली आहेत. यापेक्षा जास्त कुणी 'देणगी' मागितली तर ती तक्रारीची बाब आहे.

वयाचा हिशेब लोकांना चकवतो. दोन वर्षांखालच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी, एकट्या पालकाचं वय ४० च्या आत. मूल जितकं मोठं, तितकी ही मर्यादा वर सरकते. आठ वर्षांपुढच्या मुलासाठी बेरीज ११० पर्यंत चालते. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. धर्माची अट नाही. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

मी मोबाइलवर मराठीत 'मूल दत्तक कसं घ्यायचं' असं शोधलं. वर आलेले बरेच लेख २०१७ च्या नियमांवरचे निघाले. शेवटचा आदेश न्यायालय देतं, असं त्यात लिहिलंय. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आहे आणि त्याच महिन्यात नवे दत्तक नियमही आले. इंजिनीअरिंगला असताना जुन्या व्हर्जनचं मॅन्युअल वाचून मशिन चालवू नका, असं सर ओरडून सांगायचे. इथे लोक तेच करतायत आणि त्यांना ओरडून सांगायला कुणी नाही.

मूळ नियम आणि शासन निर्णय उपलब्ध आहेत, नाही असं नाही. पण ते पीडीएफमध्ये आहेत. मोबाइलवर बोटांनी मोठं करत करत डावीकडून उजवीकडे वाचायचं.

तरी ताई तीन वर्षं का थांबलीय?

कारण आकडे. २०२५ च्या मध्यावर देशभरात ३६ हजारांहून अधिक पालक प्रतीक्षेत होते आणि दत्तक देण्यासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त मुलं होती अडीच हजारांच्या आसपास. सरासरी प्रतीक्षा साडेतीन वर्षांची. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधानं झाली, हा बारा वर्षांतला उच्चांक. गृहभेट अहवालाची मुदत तीन वर्षांची असते. म्हणजे ताईचा अहवाल बाळ येण्याआधीच जुना झाला, पुन्हा करावा लागला.

लोक विचारतात, अनाथाश्रमांत इतकी मुलं आहेत, मग मिळत का नाहीत? संस्थेत राहणारं प्रत्येक मूल अनाथ नसतं. कुणाची आई आजारी आहे, कुणाचे वडील तुरुंगात आहेत, कुणाची आजी वर्षातून एकदा दिवाळीला खाऊ घेऊन येते. ही मुलं दत्तक देता येत नाहीत. सापडलेल्या मुलाच्या आई-वडिलांचा आधी शोध घ्यावा लागतो. मूल दोन वर्षांखालचं असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत बाल कल्याण समितीने ते मुक्त ठरवायचं, असं कायदा म्हणतो. फाइल कुठे तरी अडकते आणि तेवढ्यात मूल मोठं होतं. मोठं झालेलं मूल मागणारे कमी. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात दत्तक संस्था हवी आणि अशी मुलं शोधण्याची मोहीम दर दोन महिन्यांनी घ्यावी, असे आदेश दिले, ते याच कारणाने.

मोठी मुलं, दोन-तीन भावंडं एकत्र, विशेष गरजा असलेली मुलं यांच्यासाठी रांग इतकी लांब नाही. पोर्टलवर ती वेगळी दिसतात. हे ताईला ठाऊक नव्हतं, मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "विचार करते." यात 'मोठ्या मनाने पुढे या' असं आवाहन मी करणार नाही. सात वर्षांचं मूल घरी आणणं सोपं नाही, आणि दयेपोटी घेतलेला निर्णय दोन महिन्यांत उलटला तर त्या मुलाचं जे होतं ते संस्थेत राहण्याहून वाईट.

दत्तक नाही, पण मूल सांभाळायचंय?

यासाठी प्रतिपालकत्व आहे आणि हा शब्द आपल्याकडे जवळजवळ कुणी ऐकलेला नाही. जन्मदात्यांचं नातं न तोडता, ठरावीक काळासाठी मूल तुमच्या घरी राहतं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेतली सहा वर्षांवरची मुलं अशी देता येतात. ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही आता अर्ज करू शकते. मिशन वात्सल्यमधून महिना ४,००० रुपये मिळतात. दोन वर्षं सांभाळल्यावर, मूल मुक्त असेल तर, त्याच मुलाला दत्तक घेण्याची वाटही आहे. पूर्वी हीच मुदत पाच वर्षांची होती.

महाराष्ट्रात याच्या शेजारी बाल संगोपन योजना आहे. आता तिच्या नावात सावित्रीबाई फुले आहेत. एक पालक गेला, पालक दुर्धर आजारी आहे, मूल मामाकडे वाढतंय, अशा घरांना मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. गरिबीमुळे मूल आश्रमशाळेत किंवा संस्थेत टाकावं लागू नये, हा हेतू. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात.

मी अशाच एका जिल्ह्याच्या कक्षाला फोन लावला. यादीतला लँडलाइन दोन दिवस वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागातल्या एका शिपायाने मोबाइल नंबर दिला. पलीकडच्या मॅडमनी वीस मिनिटांत मला इतकं स्वच्छ समजावलं, की वरचं निम्मं त्यांचंच आहे. माहिती देणारी माणसं आहेत आणि ती चांगली आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोचायला मला तीन दिवस लागले, आणि मला घाई नव्हती.

ज्याला घाई आहे त्याचं काय?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. दत्तकाबद्दल आम्ही जे काही लिहितो, ते मूल हवं असणाऱ्यांसाठी लिहितो. जिला मूल सांभाळणं शक्य नाही, तिच्यासाठी एक ओळ नसते. फोन तिच्याही हातात असतो. तीही रात्री दोन वाजता काहीतरी शोधते.

तिला हे कुणी सांगत नाही, की मूल स्वाधीन करणं हा गुन्हा नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये त्याची सोय आहे. बाल कल्याण समितीसमोर जायचं, समुपदेशन होतं, कागदावर सही होते. अविवाहित आईची एकटीची सही पुरते. नाव गुप्त राहतं. मन बदललं तर ६० दिवसांत मूल परत मागता येतं. समितीचं कार्यालय कुठे आहे हे ठाऊक नसेल तर १०९८. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली ही चाइल्ड हेल्पलाइन २०२३ पासून सरकारी यंत्रणेकडे गेली आहे, चोवीस तास चालते आणि फोन फुकट लागतो.

हे ठाऊक नसेल तर दोनच गोष्टी होतात. एक, दवाखान्यातलं कुणीतरी 'मी बघतो' म्हणतं आणि काकूंच्या मेसेजमधल्या नंबरसारखा एखादा नंबर पुढे येतो. दोन, दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बातमी येते. बस स्टँडमागे, उसाच्या फडात, कचराकुंडीशेजारी नवजात अर्भक. हेडलाइन ठरलेली : 'निर्दयी माता'. मीही ती दिलेली आहे. आईचा पत्ता लागलेला नसतो, ती कोण, किती वर्षांची, तिच्यावर काय गुदरलं हे ठाऊक नसतं, पण ती निर्दयी आहे हे डेस्कला ठाऊक असतं.

पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा नुसतं घर उघडून ते थांबले नाहीत. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, अशी पत्रकं त्यांनी शहरात लावली. पुढे तिथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, हे आपण शाळेत वाचतो. पत्रकं विसरतो. त्या काळी अशी गोष्ट भिंतीवर लावायला काय लागत असेल याची कल्पना करा. आणि आज आपल्याला बातमीखाली एक ओळ टाकायला लाज वाटते.

आत्महत्येच्या बातमीखाली मदतीचा क्रमांक द्यायची सवय आता बहुतेक ठिकाणी लागली आहे. अर्भक सापडल्याच्या बातमीखालीही तशी ओळ हवी. प्रसूतिगृहाच्या भिंतीवर, आरोग्य केंद्रात, कॉलेजच्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारामागे हवी. मराठीत, चार वाक्यांत, पीडीएफ नको. महिला व बालविकास विभागाला यासाठी नवी योजना लागत नाही, बजेट लागलंच तर छपाईचं.

गेल्या आठवड्यात पुन्हा तशी बातमी आली. मी हेडलाइनमधून 'निर्दयी' काढलं आणि शेवटी लिहिलं : 'मूल सांभाळणं शक्य नसेल तर ते बाल कल्याण समितीकडे स्वाधीन करता येतं. तो गुन्हा नाही. नाव गुप्त राहतं. फोन : १०९८.' सीनियरने विचारलं, "हे कुणासाठी?" मी म्हटलं, वाचणाऱ्यांसाठी. ओळ राहिली. त्या नंबरवर किती जणींनी टॅप केलं ते आमच्या डॅशबोर्डवर दिसत नाही.

ताईने तो सेव्ह केलेला नंबर अजून डिलीट केलेला नाही. पण काल तिने विचारलं, पोर्टलवर मोठ्या मुलांची यादी नेमकी कुठे दिसते.