खाकीतली शाहिरी

गेल्या २१ ऑक्टोबरच्या सायंकाळी आमच्या गावच्या वाचनालयात एका हवालदारांनी आपल्या दिवंगत सहकाऱ्यावर स्वतः रचलेले गीत म्हटले. डफ नव्हता, तुणतुणे नव्हते. टेबलावर बोटांनी ताल धरून त्यांनी सात-आठ कडवी म्हटली आणि ते खाली बसले. चहाच्या वेळी आमच्या एका काव्यमर्मज्ञ स्नेह्यांनी अभिप्राय दिला, तो असा : ‘पोलिसाने चोर धरावेत, यमके धरण्याच्या भरीस पडू नये.’ मंडळी हसली. आम्हीही, सांगावयास लाज वाटते, थोडेसे हसलो. त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

ही तारीख कोणती, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा भारतीय पोलीस पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा पोलीस स्मृतिदिन पाळतात. वर्षभरात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्यांची नावे या दिवशी वाचली जातात. विधी गंभीर आहे. त्याची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. परंतु यादीला एक शाप असतो : तिच्यात सारी माणसे एकाच स्वरात उच्चारली जातात. एखाद्या नावापाशी ऐकणाऱ्याचा कंठ दाटला तरी वाचणाऱ्याचा दाटून चालत नाही. ते दाटणे कोठेतरी जावयास हवे की नको?

हे पोलिसाचे काम नव्हे, हा पहिला आक्षेप. मग होनाजी जातीने व धंद्याने गवळी होता, परशराम शिंपी होता, सगनभाऊ शिकलगार होता, याची वाट काय? होनाजी ऐकताना आमचे हेच स्नेही डोलतात. तेव्हा त्याच्या दुधाच्या घागरी त्यांच्या आड येत नाहीत. दूरचे उदाहरण हवे असेल तर शिकागोचे घ्यावे. तेथील पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली साडेअठराशे आयरिश चालींचा संग्रह छापला. स्वतःस स्वरलेखन साधत नसल्यामुळे त्यांनी ते दुसऱ्या एका पोलिसाकडून करविले! मायदेशाबाहेर पडलेल्या लोकांचे केवढे धन त्या दोघा पोलिसांनी राखले, हे संगीताचे अभ्यासक जाणतात.

दुसरा आक्षेप अधिक मासलेवाईक आहे. गीतात मृताचा बक्कल नंबर आला, जेवणाचा डबा आला, पावसात ओला झालेला रेनकोट आला. हे काव्य कसे? आम्ही उलट विचारतो, तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यातून रायबाचे लग्न काढून टाका. मग तानाजीचे काय उरते? तलवार चालविणारे पुष्कळ झाले. मुलाच्या लग्नाची तयारी टाकून निघालेला बाप एकच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीपाशी नाकाबंदीवर उभ्या असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी एके-४७ बंदुकीची नळी हातांनी घट्ट धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे कसाब जिवंत सापडला. १९०३ च्या त्या संग्रहाइतकेच हेही वर्तमान नोंदीचे आहे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, हे योग्यच झाले. पण या प्रसंगावर आमच्यापैकी कोणी घरबसल्या लिहावयास बसला, तर सिंह येईल, वज्र येईल, सूर्य तर हटकून येईल. ती नळी आणि ते हात येतील की नाही, याची शंका आहे. नाकाबंदीवर मध्यरात्री गाडीचे दिवे डोळ्यांवर येतात तेव्हा काय होते, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला सूर्याची गरज पडत नाही. २०२१ साली प्राणिशास्त्रज्ञांनी एका नव्या कोळ्याच्या जातीस ओंबळ्यांच्या नावावरून ‘टुकारामी’ हे नाव दिले. त्यांनी आपल्या विद्येच्या भाषेत श्रद्धांजली वाहिली आणि कोणी हसले नाही.

हवालदारांच्या गीतात दोष नव्हते असे नाही. दोन ठिकाणी मात्रा चुकल्या होत्या, आणि शेवटचे कडवे तर देशभक्तिपर समूहगीतांतून उसने आणलेले वाटले. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गणवेशास भिऊन किंवा मृत्यूस मान म्हणून टाळ्या वाजविणे हा हसण्याइतकाच अपमान होय.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. पोलिसाचे गौरवगीत म्हणजे सत्तेचा भाट, असे एका तरुण मित्राने म्हटले. लाठीचा मार खाल्लेल्या माणसास असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि अशी भाटगिरी होतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या मित्राने चौथे कडवे नीट ऐकले नसावे. नाकाबंदी तोडून गेलेल्या ट्रकखाली तो सहकारी सापडला, त्याच्या आठ दिवस आधी त्याने रजेचा अर्ज दिला होता. अर्ज कोणत्या टेबलावर होता, किती दिवस होता, हे सारे त्या कडव्यात होते. कोणत्या भाटाने धन्याच्या टेबलाचा असा हिशेब मांडला आहे?

दुसऱ्या दिवशी आम्ही गीताची प्रत मागावयास गेलो. हवालदारांनी वहीतले पान फाडून दिले. सकाळी मैदानावरच्या कार्यक्रमातही त्यांनी हेच गीत म्हटले होते काय, असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘होय साहेब, पण चौथे कडवे गाळून. ते तिथे चालले नसते. वाचनालयात लिहिणारी-वाचणारी मंडळी असतात. त्यांना पुरते ऐकवावे, असे वाटले.’