गटार कोठे संपते?

पाऊस पडला नाही तर दुष्काळ आणि पडला तर पूर, या दोन संकटांच्या कात्रीत मराठवाड्याचा गरीब माणूस सापडला आहे. सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात या प्रदेशावर जो पाऊस कोसळला, त्याने बीड, धाराशिव, जालना, नांदेड या दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील शेते व घरे पाण्याखाली घातली. त्यापूर्वीच्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात हसनाळसारख्या गावांत रात्रीच्या वेळी पाणी शिरून माणसे प्राणास मुकली. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. आकडा मोठा आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु कोणत्याही मदतीच्या घोषणेत ज्याचे उत्तर सापडत नाही असा एक प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे. पाऊस साऱ्या गावावर सारखाच पडतो, मग पाणी मात्र दरवर्षी ठराविक वस्तीतच का शिरते?

जालना जिल्ह्याच्या पूर्वेस, जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या मार्गावर मंठा हे तालुक्याचे गाव आहे. तालुक्याच्या उत्तरेस पूर्णा नदी वाहते आणि सभोवार कपाशी व सोयाबीन पिकविणारी काळी जमीन पसरली आहे. या काळ्या मातीचा धर्म शेतकऱ्यास ठाऊक असतो. उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात, पहिला पाऊस ती घटाघटा पिते, आणि एकदा फुगली की तिची तोंडे मिटतात. त्यानंतर जो थेंब पडेल तो वरूनच वाहतो. सरकारी हिशेबाने एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी समजतात. तेवढा पाऊस एक चौरस किलोमीटर भूमीवर पडला तर त्याचे पाणी साडेसहा कोटी लिटर होते. मंठ्यासारख्या गावात पूर्वी हे पाणी मोकळी रानपट्टी, ओढे व ओहोळ यांतून वाट काढीत असे. आता वाढत्या गावांत ओढ्यांवर दुकानांचे गाळे चढले, अंगणांवर फरशी आली, रस्ते सिमेंटचे झाले. पाणी तेवढेच राहिले, त्याची वाट मात्र गेली.

हे सारे निसर्गाने केले काय? पाणी उताराकडे धावते हा निसर्गाचा नियम खरा. पण उताराच्या टोकाला कोणी राहावे, हा नियम निसर्गाने केलेला नाही. गावकुसाबाहेरची वस्ती कोठे असावी, तिचा पाणवठा गावाच्या पाणवठ्याच्या खालच्या अंगास कसा असावा, हे जातिव्यवस्थेने शतकानुशतके ठरविले. वरच्यांच्या पाण्यास खालच्यांचा स्पर्श होऊ नये, ही त्या रचनेची चिंता होती. वरच्यांचे सांडपाणी खालच्यांच्या उंबऱ्याशी यावे, याची तिला खंत नव्हती. आज कायद्याने अस्पृश्यता गेली, गावकूस ढासळले. परंतु वस्ती जेथे होती तेथेच राहिली. तिच्या भोवती पारध्यांची पाले, भटक्यांची बिऱ्हाडे, मुसलमान मजुरांची पत्र्याची घरे येऊन मिळाली. म्हणून हा प्रश्न एका जातीचा राहिलेला नाही. ज्यांस उंच जागा विकत घेण्याची ऐपत नाही, त्या सर्वांचा तो प्रश्न आहे.

गटारे बांधली जात नाहीत असे कोणी म्हणू नये. ती बांधली जातात. पण कोठून कोठवर बांधली जातात, हे पाहिले पाहिजे. गटाराचे काम त्याच्या मुखापासून, म्हणजे जेथे पाणी अखेर नाल्यास वा नदीस मिळते तेथून सुरू करावे आणि वर वर चढत जावे, हे स्थापत्यशास्त्रातील साधे तत्त्व आहे. आमच्या गावांत बहुधा नेमके उलट घडते. बाजारपेठेचे, कचेरीच्या रस्त्याचे, वजनदार मंडळींच्या गल्लीचे गटार आधी पक्के होते. निधी तेथेच सरतो. मग ते पक्के गटार वस्तीच्या तोंडाशी येऊन उघडे पडते आणि ज्या पाण्यास पूर्वी खाली यावयास दोन तास लागत, ते आता घटकाभरात खाली येते. वरच्या गल्लीचा विकास झाला, तो खालच्या वस्तीच्या खर्चाने! रस्त्यांचेही तसेच आहे. जुना थर न उकरता त्यावर नवा थर घातला जातो, दर पाच-सहा वर्षांनी रस्ता वीतभर चढतो आणि गरिबाच्या घराचे जोते रस्त्याच्या खाली जाते. माळवदाचे जुने घर असेल तर भिंत खालून भिजते आणि वरून माती ओथंबते. अशी भिंत पाऊस चालू असताच पडते असे नाही. कित्येकदा पाऊस उघडून ऊन पडल्यावर ती कोसळते, आणि तोवर पंचनामा करणारा कर्मचारी येऊन गेलेला असतो.

पाणी ओसरले की संकट संपले, ही समजूतही चुकीची आहे. लहान गावांत पिण्याच्या पाण्याची नळी अनेक ठिकाणी गटारातूनच गेलेली असते. नळास दिवसाआड किंवा आठवड्याने पाणी येते. नळी रिकामी असताना तिच्या फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते आणि दुसऱ्या दिवशी तेच घागरीत येते. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर हे रोग आकाशातून पडत नाहीत, ते या सांध्यांतून येतात. साचलेल्या पाण्यावर डास वाढतात आणि हिवताप व डेंग्यू यांचा फेरा सुरू होतो. चूल भिजलेली, सरपण भिजलेले, शौचालय तुंबलेले, अशा घरात स्त्रीचा दिवस कसा जातो याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

आता मदतीचा विचार करू. शेतीच्या नुकसानीची भरपाई हेक्टरावर मोजतात. आपत्ती निधीच्या निकषाने २०२५ साली कोरडवाहू पिकास हेक्टरी ८,५०० रुपये धरलेले होते आणि राज्य सरकार प्रसंगी त्यात भर घालते. शेतकऱ्यास ती मिळालीच पाहिजे. कर्जात बुडालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. पण ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याचे काय? सोयाबीनच्या काढणीचे पंधरा-वीस दिवस हेच मजुराचे पीक असते. शेत पाण्यात गेले की त्याचे ते पीकही गेले, परंतु ते कोणत्याही कागदावर उगवलेले नसल्यामुळे त्याच्या नाशाची नोंद होत नाही. गायरान कसणाऱ्यांची अवस्था याहून विचित्र आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली व पुन्हा १९६४-६५ साली हजारो भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील कसणूक नियमित करण्याचे मान्य झाले. तरी मराठवाड्यात कितीएक कुटुंबे आजही सातबाऱ्याविना कसतात, आणि पुरात त्यांचे पीक गेले तर सरकारी दप्तरात ते पीक मुळी नव्हतेच! आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच्या कलम ६१ अन्वये मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेद करण्यास मनाई आहे. भेद उघडपणे कोणी करणारही नाही. परंतु मदतीचे मापच जर मालकीचे असेल, आणि मालकीच जर जातीने वाटली गेली असेल, तर भेद करावयास आणखी वेगळ्या माणसाची गरज काय?

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यापूर्वी नालेसफाईची निविदा निघते. बिले सफाईची निघतात. गाळ काठावरच राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा नाल्यात जातो. प्रत्यक्ष त्या घाणीत उतरतो कोण? ज्याच्या घरात गटाराचे पाणी शिरते, बहुधा त्याच वस्तीतला माणूस. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आहे, आणि ज्या उघड्या गटारात मैला सोडला जातो तेही त्याच्या कक्षेत येते. मलवाहिनीत मृत्यू झाल्यास वारसांस ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. कायदा आहे, आदेश आहे. गावोगावच्या ठेकेदारास त्यांची खबर मात्र नाही.

“पैसा नाही” हे यावर ठरलेले उत्तर असते. त्या उत्तराचा निकाल केव्हाच लागला आहे. मध्य प्रदेशातील रतलाम शहरातील नागरिकांनी उघड्या गटारांच्या दुर्गंधीविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. नगरपालिकेने तिजोरी रिकामी असल्याचे सांगितले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे फेटाळले आणि गटारे बांधण्याचे कायदेशीर कर्तव्य पैशाच्या अभावाची सबब सांगून टाळता येत नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रातही १९६५ च्या अधिनियमाने गटारे बांधणे व ती स्वच्छ राखणे हे नगरपरिषदांवर व नगरपंचायतींवर घातलेले कर्तव्य आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आम्ही पुढाऱ्यांच्या दारी हात जोडून उभे राहतो, ती गोष्ट आमचा हक्क आहे.

दुसरे उत्तर असते की, “नाल्याच्या काठी राहता कशाला? ते अतिक्रमण आहे.” हे बोलणाऱ्यांनी नाल्यावर चढलेली पक्की बांधकामेही मोजावीत. वस्ती हलविणे खरोखर आवश्यक असेल तेथे आमचा विरोध नाही. मात्र आधी मजुरीच्या ठिकाणापासून जवळ, उंच जागी, कुटुंबाच्या नावाची जागा द्यावी आणि मग हलवावे. निवारा व उपजीविका यांचा संबंध जगण्याच्या हक्काशी आहे, हे मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे.

पाण्याचा प्रश्न हा आमच्या चळवळीस नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडास स्वच्छ पाण्यावरचा हक्क बजावला गेला. त्यानंतर अठरा वर्षांनी, ८ नोव्हेंबर १९४५ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कटक येथे ओरिसाच्या नद्यांच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेत बोलले. अतिरिक्त पाणी ही आपत्ती समजून ते कसेबसे समुद्रास लावून देणे ही दृष्टी त्यांनी चुकीची ठरविली. पाणी ही लोकांची संपत्ती आहे, ते साठवून लोकांच्या उपयोगी आणावे, असा त्यांचा विचार होता. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी याच विचारातून झाली. आज मंठ्याच्या परिसरात जूनपासून पाणी घरात शिरते आणि मार्चपासून त्याच घरासमोर टँकरची वाट पाहिली जाते! वरच्या उतारावरच पाणी अडवून जिरविले तर पूरही कमी होईल आणि टंचाईही. हे ऐंशी वर्षांपूर्वी ज्यांना कळले, त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या राज्यकर्त्यांना ते अजून कळू नये, याचा खेद वाटतो.

पण दोष केवळ राज्यकर्त्यांचा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वस्तीसुधारणेसाठी निधी येतो तेव्हा आमचेच पुढारी आधी कमानीचा व सभागृहाचा आग्रह धरतात. कमानीवर नाव कोरता येते, गटारावर कोरता येत नाही! आमच्यापैकी काहीजण प्लॅस्टिकचा कचरा त्याच गटारात टाकतात, ज्याचे पाणी रात्री शेजाऱ्याच्या उशाशी येते. स्वाभिमानाने जगू इच्छिणाऱ्या समाजास हे शोभत नाही.

तेव्हा मंठ्यातील व तालुक्यातील आमच्या बंधुभगिनींनी पुढील मागण्या निश्चयपूर्वक कराव्यात. साऱ्या गावाच्या उताराची मोजणी करून तिचा नकाशा लोकांसमोर लावावा. गटाराचे काम मुखापासून, म्हणजे वस्तीच्या खालच्या टोकापासून सुरू करावे. जुना थर उकरल्यावाचून रस्त्यावर नवा थर घालू नये. पिण्याच्या पाण्याच्या नळ्या गटाराबाहेर काढाव्यात. सफाई यंत्राने व्हावी, गाळ त्याच दिवशी उचलावा. मदतीची यादी वस्तीत जाहीर वाचावी आणि तीत भूमिहीन मजूर व गायरानधारक यांना स्थान असावे. नगरपंचायत व ग्रामपंचायत ऐकत नसेल, तर सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश मागण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. ज्या तरतुदीचा आधार रतलामच्या लोकांनी घेतला, तीच आता या कलमात आली आहे.

या कामास फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. पूर ओसरला की घराच्या भिंतीवर चिखलाची एक रेघ राहते. पुढच्या सणास चुना लावून आपण ती पुसून टाकतो. यापुढे ती पुसण्यापूर्वी फूटपट्टी लावून मोजा. घर कोणाचे, तारीख कोणती, पाणी किती वर आले आणि किती तास राहिले, हे वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी घरोघर जाऊन वहीत लिहावे आणि ती वही अर्जास जोडावी. पंचनामा करणारा उशिरा येईल. भिंतीवरची रेघ मात्र वेळेवर आलेली असते, आणि ती खोटे बोलत नाही.