लघवीत साखर? आधी रक्त तपासा

लघवीच्या पट्टीवर साखर दिसली की घर धास्तावते. गरोदर सुनेचा भात बंद होतो, ‘गोड खाल्लंस म्हणून झालं’ असा दोषही तिलाच लागतो. आम्हाला हे मान्य नाही. गरोदरपणात मूत्रपिंडातून जास्त रक्त गाळले जाते. त्यामुळे रक्तातली साखर ठीक असतानाही थोडी लघवीत उतरू शकते. उलट, पट्टीवर काही दिसले नाही तरी मधुमेह असू शकतो. निदान रक्तावरूनच होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली, तर तो गरोदरपणातला मधुमेह. भगिनींनो, ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत हक्काने करून घ्या. सासरच्यांनो, तिला उपाशी ठेवू नका. सोबत दवाखान्यात जा.