ऑर्थोपेडिक म्हणजे काय हो?

परवा गादी आणायला बाजारात गेले होते. गादी न घेताच परत आले, आणि तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते आज लिहून मोकळी होते. लेख जरा रागाचा आहे. घरच्या मंडळींनी (म्हणजे ज्यांनी मला दुकानात पाठवलं त्यांनीच!) आधी शेवटपर्यंत वाचावं आणि मग फोन करावा, ही विनंती.

आमची जुनी गादी २००१ सालची. काथ्याची, वर फोमचा एक पातळ थर आणि दगडासारखी कडक. गेल्या वर्षापासून तिच्या शिवणीतून तपकिरी भुसा गळायला लागला. रोज सकाळी पलंगाखाली झाडू फिरवला की सुपलीभर भुसा निघायचा. त्यात माझा उजवा खांदा रात्री ठणकतो. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, पैशाकडे बघू नकोस, चांगली ऑर्थोपेडिक गादी घे." सुनेनं दुजोरा दिला. भाची गाडी घेऊन आली. तर गेले.

मोठं दुकान. थंडगार हवा, मंद संगीत, आणि ओळीनं मांडलेल्या पंधरा-वीस गाद्या, सगळ्यांवर प्लास्टिकचं आवरण. एक चुणचुणीत मुलगा पुढे आला. पहिलाच प्रश्न, "आजी, कंबर दुखते का?"

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला हा प्रश्न विचारणं म्हणजे आषाढात "पाऊस पडतो का हो?" असं विचारण्यासारखं आहे. मी म्हटलं, दुखते.

"मग तुम्हाला ऑर्थोपेडिकच घ्यावी लागेल. साधी घेतली तर उद्या मणक्याचं काही झालं की आम्हाला बोलू नका."

इथं माझ्यातली मास्तरीण जागी झाली. तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं. न कळलेला शब्द कुणी वापरला की मला राहवत नाही. विचारलं, "बाळा, ऑर्थोपेडिक म्हणजे काय?"

"म्हणजे आजी, डॉक्टरांनी रेकमेंड केलेली."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"कंपनीच्या."

"आणि ही बाजूची? ती ऑर्थोपेडिक का नाही?"

त्यानं दोन्ही गाद्यांकडे पाहिलं, मग किमतीच्या पाट्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती बजेटमधली आहे."

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे पाठ करून दिलंय ते तो म्हणतो. पाठांतर करून घेणाऱ्यांवर राग आहे. शब्दाची गोष्ट सांगते. हा शब्द १७४१ साली निकोलस आंद्री नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरानं आपल्या पुस्तकासाठी घडवला. ग्रीकमध्ये 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'पायडिऑन' म्हणजे लहान मूल. मुलांच्या शरीरातलं वाकडेपण कसं टाळावं आणि कसं सरळ करावं, याचं ते पुस्तक. त्यात एका वाकड्या रोपाला खुंटाशी बांधून सरळ करत असल्याचं चित्र आहे. पुढे ते हाडांच्या सगळ्या वैद्यकशास्त्राचंच नाव झालं, ते ठीक. पण ते गादीला कुणी चिकटवलं? कुठल्या तपासणीनंतर? गादीवर हा शब्द छापलेला असला की ग्राहकाच्या मनात आपोआप एक दवाखाना उभा राहतो, आणि दवाखान्यात आपण घासाघीस करत नाही. त्या शब्दाचं काम एवढंच.

दुसरी गंमत मेमरी फोमची. "आजी, हा फोम नासानं चांद्रयानासाठी बनवलाय." अरे, नासाच्या कामातूनच तो आला हे खरं, पण १९६६च्या सुमाराला, विमानातल्या आसनांसाठी! धक्का बसला तर आत बसलेल्याला इजा कमी व्हावी म्हणून. मला रात्री घरात कुठं आदळायचं आहे?

मग म्हणे झोपून बघा. भर दुकानात, साडी सावरत, चार अनोळखी माणसं बघत असताना, प्लास्टिकवर अर्धा मिनिट! एवढ्यात काय कळणार? कळलं इतकंच की प्लास्टिक करकरतं. या बाबतीत ऑनलाइनवाले बरे असं माझा मुलगा म्हणतो. ते शंभर रात्री वापरून बघा म्हणतात. हे मी मान्य करते. अर्ध्या मिनिटात गादी कळत नाही, हे निदान ते कबूल तरी करतात.

किमतीचं तर विचारूच नका. पाटीवर ३८,०००, त्यावर काट मारून 'फक्त आज' २१,०००. मी पर्स उचलून दारापर्यंत आले तर १७,५०० झाले! दारापर्यंत चालत जाण्याचे साडेतीन हजार मला आयुष्यात कुणी दिले नव्हते. जी किंमत पाठ फिरवल्यावर उतरते ती मुळात किंमत नव्हतीच. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथं अंथरूण विकणाराच आधी आपले पाय मोजतो.

वॉरंटी दहा वर्षांची. (माझी किती आहे ते विचारायला हवं होतं.) पुस्तिका मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली. खड्डा एक इंचापेक्षा खोल असेल तरच तक्रार चालेल. गादीवर डाग असेल तर नाही. आणि 'सोयीस्कर न वाटणे' हा दोष धरला जाणार नाही! म्हणजे झोप लागत नाही ही गादीची तक्रार होऊच शकत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बाईंना दुकानदारांवर तोंडसुख घ्यायचं होतं, घेतलं. नाही. माझा खरा राग दुसऱ्याच कुणावर आहे. आता ते लिहिते.

२००१ साली ह्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी सांगितलं, कडक अंथरुणावर झोपा, जमल्यास फळीवर. त्या काळी सगळेच असं सांगत. आमच्याकडे तेव्हा रुईची गादी होती, लग्नातली, दोनदा पिंजून घेतलेली. मी ती कामवाल्या बाईला देऊन टाकली आणि ही काथ्याची आणली. तिच्यावरही हाच शब्द होता. चौथ्या-पाचव्या दिवशी हे म्हणाले, "मला आपली जुनीच बरी होती." मी म्हटलं, "डॉक्टरांना जास्त कळतं की तुम्हाला?"

बोलणं तिथंच संपलं. ते भांडणारे नव्हते. पुढे मी पाहायची, दुपारी ते बंगईच्या बाजूला जमिनीवर दोन गोधड्या दुमडून टाकायचे आणि गाढ झोपायचे. रात्री मात्र कुशी बदलत राहायचे. मी त्याला हट्ट म्हणत आले. वीस वर्षं.

ते गेल्यावर एकदा हा विषय निघाला, तेव्हा भाचीनं (ती फिजिओथेरपिस्ट आहे) सांगितलं की कडक गादीचा सल्ला केव्हाच मागे पडला. २००३ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. दीर्घकाळ कंबरदुखी असलेले, पण दुखण्याचं ठराविक कारण न सापडलेले ३१३ लोक. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम. नव्वद दिवसांनी पाहिलं तर अंथरुणातलं आणि उठतानाचं दुखणं मध्यम गादीवाल्यांचं जास्त कमी झालं होतं. आमची गादी घरात येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यानंतरची अठरा वर्षं हे त्याच गादीवर निजले.

एक अभ्यास म्हणजे वेदवाक्य नव्हे, आणि ह्यांचं दुखणं नेमकं त्याच प्रकारचं होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण ज्याची पाठ होती तो माणूस रोज सांगत होता, बोलून नाही तर त्या गोधड्या पसरून. आणि मी, शिकलेली बाई, माणसाचं ऐकायचं सोडून लेबलाचं ऐकत होते. राग आहे तो याचा. परवा तो मुलगा 'ऑर्थोपेडिक' म्हणाला तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला.

म्हणून वाटतं की अशा विक्रीकडे साधी जाहिरातबाजी म्हणून दुर्लक्ष करू नये. भीती घालून विकलेली वस्तू घरात आली की ती माणसाचं तोंड बंद करते. एवढे पैसे दिलेत, डॉक्टरी शब्द आहे, तरी दुखतंय म्हणजे तुमचंच काहीतरी चुकतंय!

आता कुणी म्हणेल, बाई वऱ्हाडातल्या, रुईच्या गादीचं गुणगान करणार. थोडं करणार, पण खोटं नाही. रुईच्या गादीत गोळे होतात. ती दमट होते, ऊन दाखवावं लागतं, आणि दहा-बारा किलोचं ते धूड गच्चीवर नेणारी घरातली बाईच असते. ह्यांच्याआधी कंबर माझी गेली होती! आणि पिंजारी अंगणात बसून पिंजणाचा टणत्कार करी ते आम्हा मुलांना मजेचं वाटे, पण त्याच्या नाकातोंडात तंतू जात होते. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाला वैद्यकात बिसिनोसिस असं नावच आहे. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

पण एक गोष्ट त्या गादीत होती. ती तुमच्या डोळ्यांदेखत भरली जायची. रुई काट्यावर तोलली जायची, हातात घेऊन बघता यायची, नवी की जुनी ते कळायचं. खोळ गादीपाटाची की हलक्या कापडाची, तेही दिसायचं. दाभणानं टाके घातले जायचे ते मोजून घ्या. दहा वर्षांनी उसवा, पिंजा, दोन किलो नवी रुई घाला, पुन्हा भरा. आत काय आहे हे ज्याला दिसतं त्याला मोठे शब्द विकता येत नाहीत.

फोमची गादी वाईट असं माझं म्हणणं नाही. कित्येकांना ती मानवते. माझं म्हणणं एवढंच की आत दिसत नाही ना, मग लिहून द्या. थर किती, प्रत्येक थर कशाचा आणि किती इंचांचा? फोमची घनता किती? (घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गादी किती टिकेल हे बरंचसं घनतेवर ठरतं, कडकपणावर नाही. त्या मुलाला हा फरक कुणी सांगितलाच नव्हता.) आणि 'मणक्यासाठी उत्तम' म्हणता ते कशाच्या आधारावर? बिलावर लिहा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, २०२२मध्ये अशा जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वंही आली. १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे. मी तिथं बिलावर लिहायची मागणी केली तेव्हा मॅनेजर आले, हसले आणि म्हणाले, "आजी, एवढं कोणी विचारत नाही." तेच तर म्हणतेय मी!

दुसऱ्या दिवशी जुन्या गावात एका गादी कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक खोली, पिंजायचं यंत्र आणि रुईचा ढीग. मालक साठीचे. मी एक जाड गादी सांगितली तर तेच म्हणाले, "बाई, नका घेऊ. तुम्हाला उचलणार नाही आणि ऊन नाही दाखवलं तर चार महिन्यांत गोळे होतील." स्वतःच्या मालाचा दोष त्यांनी आपणहून सांगितला! मग त्यांनीच तोड काढली. पाच-पाच किलोच्या दोन पातळ गाद्या, एकीवर एक. एकेक मला उचलता येईल. मऊ वाटलं तर एक काढा, कडक वाटलं तर वर गोधडी टाका. पाठ तुमची, तुम्हीच ठरवा, म्हणाले.

मुलाला सांगते, चिडू नकोस. तुझं प्रेम मला कळतं. फक्त पुढच्या वेळी 'कोणती घेतलीस' हे विचारण्याआधी 'झोप लागते का' हे विचार.

काथ्याची गादी अजून भिंतीला टेकून उभी आहे. कुणी न्यायला तयार नाही, आणि पिंजून तर ती घेता येत नाही. काल तिच्यावरून हात फिरवला. भुसा गळाला, शिवण सुटली, पण हे ज्या बाजूला निजायचे तिथे एवढ्या वर्षांत साधा खड्डासुद्धा पडलेला नाही. वॉरंटीच्या हिशेबानं अगदी निर्दोष गादी.

असो. तुमच्या घरी रात्री कोण कूस बदलतंय, तेवढं बघा.